विश्लेषण : बर्फ वितळतो, मीठ उरते... रस्त्यावरच्या मिठाने तळी का खारावत आहेत?

अमेरिका, कॅनडात हिमवृष्टीचा इशारा मिळताच मिठाचे ट्रक रस्त्यावर उतरतात. त्यामुळे अपघात टळतात, वाहतूक सुरू राहते. पण एकट्या अमेरिकेत दर हिवाळ्यात सुमारे २ कोटी टन मीठ असे रस्त्यांवर पडते. त्याची किंमत तळी आणि विहिरी मोजत आहेत.

मिठाने बर्फ का वितळतो?
शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. मीठ विरघळले की त्याला गोठायला आणखी थंडी लागते. मात्र उणे ९ अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव फारसा उरत नाही. तेव्हा जादा मीठ टाकणे वायाच जाते.

मीठ जाते कुठे?
वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यांत, तळ्यांत आणि भूजलात. त्यातले क्लोराइड विघटित होत नाही, नेहमीच्या जलशुद्धीकरणातूनही निघत नाही. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेच्या मते, एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचे दूषित करते.

परिणाम काय?
खारे पाणी जड असल्याने तळाशी साचते. तळ्यातले वरखाली मिसळणे मंदावते आणि तळाला प्राणवायू मिळत नाही. गोड्या पाण्यातील जीव संकटात येतात, रस्त्याकडेची झाडे करपतात, पूल आणि मोटारी गंजतात.

सौम्य पर्याय कोणते?
हिमवृष्टीपूर्वीच मिठाचे द्रावण फवारले, तर बर्फ रस्त्याला घट्ट चिकटत नाही आणि मीठही कमी लागते. काही ठिकाणी त्यात बीटच्या साखर उद्योगातील मळी मिसळतात. विस्कॉन्सिनमध्ये चीज उद्योगातील खारे पाणीही वापरले गेले आहे. पण मळी पाण्यात गेली की प्राणवायू घटतो, हे साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. वाळूने चाकांना पकड मिळते, पण बर्फ वितळत नाही आणि गटारे तुंबतात. कॅल्शियम मॅग्नेशियम अ‍ॅसिटेटने गंज कमी चढतो, पण ते मिठापेक्षा कितीतरी महाग आहे.

मग उपाय?
पूर्णपणे निर्धोक पर्याय नाही. म्हणून भर मीठ कमी वापरण्यावर आहे. आधी फावड्याने बर्फ काढायचा, रस्त्याचे तापमान पाहायचे आणि मोजूनच मीठ टाकायचे. घरापुढच्या पदपथाच्या साधारण १० फरशांना कॉफीचा एक मोठा मग मीठ पुरते, असे मिनेसोटातील नागरिकांना सांगितले जाते. बर्फ गेल्यावर उरलेले मीठ झाडून घेतले, तर तेवढे तरी तळ्यात जाणार नाही.