उसाच्या दारूने खाल्लेला पाइप

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या परिसरात, लोणी येथे, १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, आणि पुढे ज्या नगर जिल्ह्याच्या शिवाराशिवारांतून ऊस पसरला, त्याच जिल्ह्यात (सरकारदप्तरी आता अहिल्यानगर) एखाद्या जुन्या राजदूतचा वा येझदीचा पेट्रोल पाइप गळू लागला की तिचा मालक पंचनाम्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो : ‘उसाच्या दारूनं पाइप खाल्ला!’ ही फिर्याद माळीवाड्यापासून श्रीरामपूरपर्यंतच्या गॅरेजांत मी इतक्या वेळा ऐकली आहे, की इथेनॉल नामक आरोपीचे वकीलपत्र आता आपणच घ्यावे असे वाटू लागले आहे. आणि तेही तो सर्वस्वी निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर मुद्देमाल कोणी तपासतच नाही म्हणून.

तो तपासावा, तर बहुधा आढळते असे की हा पाइप पेट्रोलसाठी घडविलेलाच नव्हता. हार्डवेअरच्या दुकानातून वारावर आणलेली गवंड्याची लेव्हल ट्यूब, किंवा सलाइनची नळी, किंवा माशांच्या टाकीत हवा सोडण्याची नळी, अशा कुळातला तो असतो. आणि ‘आतलं पेट्रोल दिसतं’ हा त्याचा एकमेव गुण सांगितला जातो. या नळ्या पीव्हीसीच्या. पीव्हीसी स्वभावतः कठीण. त्याला मार्दव येते ते त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यामुळे, आणि पेट्रोल नेमके तेच द्रव्य हळूहळू शोषून नेते. मग नळी पिवळी पडते, काडीसारखी ताठ होते, आकसते, आणि जेथे ती कॉकच्या तोंडावर ताणून बसविलेली असते तेथे तडकते. इथेनॉलचा थेंबही नसलेले निर्भेळ पेट्रोल हे कार्य पूर्वीपासून तितक्याच निष्ठेने करीत आले आहे! माझ्याच येझदीला एका मिस्त्रीने अशी नळी बसविली होती. सुप्याजवळ, भर वैशाखात, ती कॉकपाशी उलली आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकू लागले. आग लागली नाही हे केवळ दैव. परत गेलो तेव्हा मिस्त्रीने नळीकडे न पाहताच निदान केले : ‘साहेब, दारूच.’

आता आरोपीच्या विरुद्ध जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. नैसर्गिक रबर, जुन्या प्रतीचे नायट्राइल रबर आणि कॉकमधील बुचाची गॅस्केटे ही इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा अधिक फुगतात आणि सुकली की चिरतात. परंतु हे मिश्रण काही काल अवतरलेले नाही. त्याचा प्रायोगिक पुरवठा २००१ सालीच मिरज आणि आपल्या उत्तरेच्या मनमाड येथे झाला होता. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभरात सरासरी १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के, असा त्याचा क्रम आहे. खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात कबूल केले आहे की काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केटे २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात. अर्थात पाइप बदलावा लागतो ही तक्रार रास्त. पण बदली म्हणून पुन्हा गवंड्याचीच नळी बसवावी आणि दोष कारखान्याला द्यावा, हा न्याय कोणत्या चावडीवरचा?

घ्यावयाचा तो पाइप पेट्रोलचा म्हणूनच घ्यावा. त्याच्या अंगावर ‘एसएई जे ३०’ हे मानक आणि ‘आर ७’ किंवा ‘आर ९’ ही प्रत छापलेली असते. ‘आर ९’चे फ्लोरोरबराचे अस्तर मिश्रणाला फारशी दाद देत नाही. छाप नसलेला काळा पाइप म्हणजे शिक्क्याविना दस्तऐवज.

‘पेट्रोल खाली येणारच, पाइप कसाही फिरवा’ हा दुसरा भ्रम. या मोटारसायकलींना पंप नसतो. टाकी आणि कार्बोरेटर यांतील जेमतेम वीतभर उंचीच्या जोरावर सारा व्यवहार चालतो. पाइपाने मध्येच वर कमान घेतली, तर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ त्या कमानीत साचते, गाडी आचके देते, आणि लोक म्हणतात ‘एअर पकडली’. म्हणून पाइप सतत उताराने, सायलेन्सरच्या बेंडपासून दूर, टाकीच्या बुडाखाली न चेमटता आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला न घासता न्यावा. टाकी उतरवून घेतलेले माप नेहमी फसते. ती जागेवर बसवून, कॉक बंद ठेवून घ्यावे. पाइपाचे टोक गरम पाण्यात क्षणभर बुडविले की ते आपसूक चढते, आणि मिस्त्रीचे दात वाचतात.

किरकोळ समजुतींना फार वेळ द्यायचे कारण नाही. बायंडिंगची तार घट्ट पिळली की गळती थांबते : तार रबर कापते, क्लिप लावावी. मोटारीचा मोठा फिल्टर अधिक चांगला : तो पंपाच्या दाबासाठी असतो, येथे तो अडसरच. बाहेरून ठणठणीत म्हणजे आतूनही : आतले अस्तर आधी झडते आणि त्याचे काळे कण जेटमध्ये अडकतात. इथेनॉलसोबत कारखान्याचे पाणी येते : मिसळावयाचे इथेनॉल ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असावे लागते, पाणी शिरते ते टाकीच्या झाकणाचे रबर गेल्यामुळे आणि गाडी धुताना.

सुप्याला उललेल्या त्या नळीचा उरलेला वार मिस्त्रीने मला बांधून दिला होता. तो पुढे पडवीच्या कामाला आलेल्या गवंड्याने मागून घेतला, पाणी भरले, आणि जोत्याची पातळी सुतात काढली.