घाटात शिट्टी मारणारी गाडी
जुनी गाडी, नवा मालक : लेखांक ६

सिएरा घ्यायची आहे असं कुणी म्हणालं की मी आधी काचेचं विचारतो. १९९१ साली टेल्कोने पुण्याच्या कारखान्यातून काढलेल्या या दोन दारांच्या गाडीला मागे दोन्ही अंगांना छतापर्यंत वळत गेलेली मोठी काच होती. ती उघडत नसे आणि आज फुटली तर सहजासहजी मिळत नाही. पुढचा बराचसा पत्रा टाटा मोबाइल या पिकअपकडून आलेला, त्यामुळे तो भंगारातून तरी निघतो. मागची काच मात्र सिएराचीच. लोक इंजिनाला घाबरतात, पण या गाडीचं इंजिन सोपं आहे.

मागच्या आठवड्यात आपण सुमोपर्यंत आलो होतो. १९९४ च्या त्या सुमोत जे १९४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं, त्याचंच टर्बो लावलेलं भावंड नंतरच्या सिएरात आणि १९९८ च्या पहिल्या सफारीत बसलं. बिनटर्बो इंजिन साठ-पासष्ट अश्वशक्तीचं. टर्बो आणि इंटरकूलर लागल्यावर तेच नव्वदीच्या आसपास गेलं. आज या गाड्या पंचवीस वर्षांच्या पुढे आहेत, स्वस्तात मिळतात, आणि ज्याने लहानपणी त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं तो आता मुंबईत नोकरीला असतो. त्याचं गाव कुडपण असेल तर गोष्ट आणखी रंगते.

कुडपण पोलादपूर तालुक्याच्या पार टोकाला, रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. भीमाची काठी हा सुळका आणि पावसाळ्यातला धबधबा यांच्यामुळे आता तिथे बाहेरची माणसंही येतात, पण रस्ता चढाचा, अरुंद आणि वळणांचा. वर ना पेट्रोल पंप, ना गॅरेज. अशा गावासाठी जुनी टर्बो गाडी घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘घ्यावी’ असंच आहे. अट एकच: गाडीच्या मॉडेलवर नव्हे, तिच्या आधीच्या मालकाच्या ऑइलच्या सवयीवर भाळावं, आणि तिचा मिस्त्री महाडपलीकडे नसावा.

ऑइलवर एवढा भर का, हे कळायला टर्बोच्या पोटात डोकवायला हवं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो त्या धुराच्या वाटेत एक छोटं चक्र ठेवतो. धुराच्या जोराने ते फिरतं आणि एकाच दांड्यावर बसवलेलं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन दाखवलं, की विरळ हवेत मरगळलेलं इंजिन टर्बोने पुन्हा ताठ होतं. मोटारींत तो आला १९६२ मध्ये, शेव्हरले आणि ओल्ड्समोबिल या अमेरिकी गाड्यांतून. डिझेल मोटारीत मर्सिडीजने १९७८ मध्ये.

कुडपणची उंची महाबळेश्वराहून कमी आहे. तिथली हवा इंजिनाला दम लागावा इतकी विरळ नाही. तिथे टर्बो लागतो तो ओझ्यासाठी: सात माणसं, तांदळाची पोती, गणपतीचं सामान, आणि गाडीचं स्वतःचं दोन टनांच्या आसपासचं वजन.

आणि इथेच पहिला भ्रमनिरास होतो. जुना टर्बो खालच्या आरपीएमला झोपलेला असतो. धूर पुरेसा जोरात आल्याशिवाय चक्र वेग घेत नाही, म्हणून दोन हजारांच्या खाली सफारी म्हणजे एक जड सुमोच. वळणावर वेग पडला, ड्रायव्हरने आळसाने दुसरा गिअर तसाच ठेवला, की गाडी गुरगुरते, काळा धूर सोडते आणि मागचे लोक म्हणतात, ‘टर्बो गेला वाटतं.’ टर्बो गेलेला नसतो, त्याला हवा तो वेग मिळालेला नसतो. वळणाच्या आधीच पहिला टाकावा. आजच्या गाड्यांत छोटे, पटकन जागे होणारे टर्बो असतात. त्यांची सवय लागलेला पाय या गाडीत फसतो.

आता ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला टेकवायला बॉल बेअरिंग नसतं, इंजिनातूनच येणाऱ्या ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत असतो. एका बाजूला कित्येक शे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला थंड हवा आणि मध्ये हा ऑइलचा थर. घाट चढून कुडपणला पोचलात, नातेवाईक अंगणात उभे, तुम्ही हौसेने शेवटची रेस दिलीत आणि चावी फिरवलीत, तर ऑइलचा पंप थांबतो पण चक्र अजून गरगरत असतं. आत अडकलेलं ऑइल तापून करपतं, त्याचा कोळसा होतो. तो कोळसा ऑइल आणणाऱ्या बारीक पाइपात साचतो. पुढच्या वेळी ऑइल कमी येतं, दांडा घासतो. असं वर्षानुवर्षं होतं आणि एक दिवस टर्बो ‘अचानक’ जातो. उपाय फुकट आहे: पोचल्यावर एक-दोन मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची आणि मग बंद करायची. पण आधीच्या मालकाने ते केलं होतं का, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

ते गाडीकडूनच काढून घ्यावं लागतं. सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. विकणाऱ्याने ती तुमच्या येण्याआधी चालू करून तापवली असेल तर काहीतरी झाकायचं आहे. थंड इंजिन चालू करा आणि ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, पण झाकण उडवेल असा फुसफुसाट आला तर बोअर-पिस्टनचं काम आहे आणि टर्बोबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मग गाडी दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवा आणि एकदम रेस द्या. निळा धूर सुटला तर टर्बोचं सील ऑइल सोडत असण्याची दाट शक्यता. काळ्या धुराला लोक उगाच घाबरतात. बहुतेक वेळा इंटरकूलरचा रबरी होज फाटलेला असतो किंवा क्लिप ढिली असते, दाबलेली हवा वाटेतच निसटते. हे दुरुस्तीच्या दृष्टीने किरकोळ आणि भाव पाडायला उत्तम कारण आहे. गाडी बंद करून टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढला की आतलं चक्र दिसतं. दांडा बोटाने हलवून पाहा. आडवा किंचित हलला तर ठीक, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण तो आत-बाहेर सरकत असेल किंवा पात्यांच्या कडा घरावर घासलेल्या असतील, तर टर्बोच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

चाचणीसाठी पनवेलच्या सपाट रस्त्याचा उपयोग नाही. सगळ्याच गाड्या तिथे छान पळतात. पोलादपूरजवळ असाल तर कशेडीला न्या, आणि बोगद्यातून नाही, जुन्या घाटाने. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. दोन हजारांच्या सुमारास पाठीला धक्का जाणवला पाहिजे. टर्बोची शिट्टी बारीक, सलग असते. तिचा अँब्युलन्सच्या भोंग्यासारखा चढा आवाज झाला असेल तर पाती कुठेतरी लागताहेत. वर पोचल्यावर तापमानाचा काटा पाहा आणि थोडा वेळ थांबून गाडीखाली वाका.

एक गोष्ट माहीत असलेली बरी, कारण घाटात ती घडली तर विचार करायला वेळ नसतो. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिनाचं स्वतःचं ऑइल हवेच्या वाटेने आत शिरतं आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळायला लागतं. चावी काढली तरी ते थांबत नाही, रेस आपोआप वाढत जाते, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. ते जमलं नाही तर माणसांना उतरवून लांब उभं राहायचं. बॉनेट उघडून हवेच्या पाइपावर हात ठेवायचं शौर्य कुणी दाखवू नये.

टर्बो बदलताना एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर वेगळा लेखांक लिहिता येईल. गॅरेजवाला नवं कोअर बसवतो, पण ऑइल आणणारा कोळशाने भरलेला जुना पाइप तसाच जोडतो. नवा टर्बो काही महिन्यांत मरतो आणि दोष मालाला दिला जातो. पाइप नवा टाका, ऑइल-फिल्टर बदला, इंटरकूलर उतरवून आतलं साचलेलं ऑइल धुऊन काढा. बजेटच्या बाबतीत माझा हिशोब साधा आहे: हातात दोन लाख असतील तर सव्वा लाखाच्या वरची गाडी बघू नये. उरलेले पंचाहत्तर हजार पहिल्याच वर्षी रबर, ब्रेक, टायर, नोझल-पंपाचं काम आणि कदाचित टर्बो यांत जातात.

या हिशोबात ऑक्टाव्हिया कुठे बसते, असं विचारणारे भेटतात. बसते, पण मुंबईत. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडायला सुरुवात केलेली ही गाडी, आणि तिची पुढे आलेली १.८ लिटरची दीडशे अश्वशक्तीची पेट्रोल टर्बो आवृत्ती, चालवायला माझ्या मते या यादीतली सर्वांत गोड आहे. तिला चांगलं सिंथेटिक ऑइल लागतं, टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागतो, इग्निशन कॉइल आणि व्हॅक्युमच्या बारीक नळ्या जुन्या झाल्या की कुरकुर सुरू होते, आणि दोष शोधायला स्कॅनर हवा. कुडपणच्या खडबडीत चढावर तिचं पोट घासेल ते वेगळंच. गावासाठी पहिली सफारी, किंवा २००२ मध्ये महिंद्राने नाशिकहून आणलेली २.६ लिटर टर्बो डिझेलची स्कॉर्पिओ. दोन्हींचं काम महाड-चिपळूणच्या मिस्त्रींच्या हातात बसलेलं आहे, आणि सफारीचे इंजिनाचे बरेच भाग सुमोच्या कुळातले असल्याने मिळतात.

महाडचं नाव निघालं म्हणून पुराचं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांतल्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेलेल्या गाड्या अजून बाजारात फिरत असणार. सीटच्या रुळांत, गालिच्याखाली, स्टेपनीच्या खळग्यात, वायरिंगच्या जोडांत वाळलेला बारीक गाळ शोधा. बुडालेली गाडी कुणी तशीच चालू करायला गेलं असेल तर सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि तो दुखणं कधी काढेल ते सांगता येत नाही.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांबद्दलही सावध. तिथे २०१५ च्या हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या अडल्या, त्यामुळे त्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरल्या. पत्रा अनेकदा कोकणातल्या गाडीहून चांगला असतो, कारण तिथे आपल्यासारखा पाऊस नाही. पण महाराष्ट्राचा कर आणि पासिंगचा खर्च धरल्यावर स्वस्ताई उरते का, हे आधी पेणच्या आरटीओत विचारावं. एमएच-०६ करायचं तर फॉर्म २९ आणि ३०, कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५, थकलेले ई-चलान आणि पर्यावरण कर हे सगळं पैसे देण्याआधी बघायचं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याची फी दहा हजार रुपये झाली आहे. ‘क्लासिक’ म्हणून सवलत मागायला जाऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी, आणि तीही रोज चालवायची मुभा नसलेली.

राहता राहिली गावात उभी ठेवण्याची गोष्ट. शिमग्याला आणि गणपतीला चालवायची आणि एरवी पडवीत झाकून ठेवायची, ही सोय टर्बोला मानवत नाही. ऑइल खाली उतरतं, ओल धरते, उंदीर होज कुरतडतात. घरच्यांना ‘अधूनमधून पाच मिनिटं चालू करत जा’ असं सांगणं तर आणखी वाईट: इंजिन तापत नाही आणि पाणी ऑइलमध्ये साचत जातं. महिन्यातून एकदा अर्धा तास चढ-उतारावर फिरवणारं कुणी घरात नसेल, तर गाडी मुंबईत ठेवावी आणि गावाला ती घेऊन यावं.

पुढच्या लेखांकात ब्रेक. चढताना टर्बो मदत करतो, उतरताना तो काहीच करत नाही.