पोपटांच्या आहारातील फुले

सिटॅसिफॉर्मीस गणातील पोपटांना धान्य व फळे यांच्याबरोबरच फुले, कळ्या आणि मकरंद हेही नैसर्गिक खाद्य म्हणून उपयोगी पडतात. येवला (जि. नासिक) येथील पैठणीच्या पदरावर विणलेली पोपट व फुलवेलींची नक्षी या संबंधाचे स्मरण करून देते. शेपटीसह सु. ४२ सेंमी. लांबीचा राघू (सिटॅक्युला क्रामेरी) पळस, पांगारा व सावर फुलल्यावर मकरंदासाठी त्यांवर थव्याने येतो आणि फुले कुरतडतो.

राघू व इतर देशी पोपट बाळगणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. त्यामुळे पाळीव पक्ष्यांत मुख्यतः बजरीगर, कॉकॅटील यांसारख्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील जाती आढळतात. त्यांना जास्वंद, गुलाब, झेंडू व शेवगा यांची ताजी फुले पूरक खाद्य म्हणून थोड्या प्रमाणात देता येतात. कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई व घाणेरी या वनस्पती विषारी असल्याने त्यांची फुले पिंजऱ्याजवळही ठेवू नयेत. कण्हेर व बिट्टी यांतील ग्लायकोसाइडांमुळे हृदयक्रिया बंद पडू शकते.

खाद्य फुलेही कीटकनाशकांमुळे घातक ठरतात. विक्रीसाठी पिकविलेल्या फुलांवर फवारणी झालेली असण्याचा संभव असल्याने पूजेच्या हारातील फुले पक्ष्यांना देणे टाळावे. फवारणी न केलेल्या झाडांची फुले धुऊन द्यावीत व कोमेजताच काढून टाकावीत. देशी पोपटांसाठी मात्र फुलणारे वृक्ष राखणे हेच हितावह होय.