उपदंश-एचआयव्ही सहसंसर्ग : रोग आणि नाव

उपदंश व एचआयव्ही हे दोन्ही संसर्ग एकाच व्यक्तीच्या ठायी असणे, यास सहसंसर्ग म्हणतात. दोहोंचा प्रमुख मार्ग एकच, लैंगिक संबंध. उपदंशाच्या व्रणामुळे त्वचेचे आवरण भंगते आणि एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्या पेशीही तेथे गोळा होतात. विषाणूस वाट सुलभ होते. उलटपक्षी, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता उपदंश मज्जासंस्थेस व डोळ्यांस लवकर ग्रासू शकतो. पहिला व्रण बहुधा दुखत नाही व आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरात राहतो. म्हणून एक संसर्ग आढळताच दुसऱ्याची तपासणी अवश्य करावयाची असते.

रुग्ण तपासणीस येईल की नाही, हे मात्र काही अंशी नावांवरही अवलंबून असते. ‘उपदंश’ ही संज्ञा सुश्रुतसंहितेत जननेंद्रियाच्या विकारांसाठी आलेली आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘फिरंगरोग’ हे नवे नाव येते. त्याने रोगाचे खापर परक्यांवर फुटते. लोकभाषेतील ‘गरमी’ कारण म्हणून उष्णता सुचविते, तर ‘गुप्तरोग’ रोग लपविण्यासच शिकवितो. यांपैकी एकही नाव हा रोग पेनिसिलिनने बरा होतो, हे सुचवीत नाही.

समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यात सहसंसर्ग अनेक ठिकाणी अधिक आढळतो. लज्जेचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो. २०१७ च्या भारतीय कायद्याने एचआयव्हीबाधितांविरुद्धच्या भेदभावास मनाई केली आहे. परंतु शब्दांतील भेदभाव कायद्याने सरत नाही. तो परिभाषा घडविणाऱ्यांनीच दूर करावयाचा आहे.