नाण्याची किंमत शंभर

इलेक्ट्रॉनची फिरकी एका दिशेने मोजली, तर उत्तर अधिक अर्धा किंवा उणे अर्धा, तिसरे नाही. १९८८ मध्ये आहारोनोव, अल्बर्ट आणि वैडमन यांनी ते उत्तर १०० येऊ शकते, असे शोधनिबंधाच्या शीर्षकातच मांडले. मोजमाप इतके हलके करायचे, की कणाला जेमतेम धक्का लागावा. आणि शेवटी ठरावीक अवस्थेत सापडलेलेच कण हिशेबात धरायचे.

अशा निवडीची आम्हा नेसरीकरांना सवय आहे. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर इथे पडले, हे ठाऊक असल्याने त्यांची आधीची प्रत्येक हालचाल आम्ही त्या खिंडीवरून वाचतो. त्यामुळे मला पहिला संशय निवडीचाच आला.

२०१४ मध्ये फेरी आणि कोम्ब्ज यांनी हाच संशय नाण्यावर मांडला. माझ्या सोप्या आकड्यांत तो असा. छापा म्हणजे अधिक एक, काटा म्हणजे उणे एक. दर वेळी नाणे छापा वर करून ठेवले आहे. अंधारात पाहणारा मित्र हजारात ५०५ वेळा ‘छापा’ म्हणतो, ४९५ वेळा ‘काटा’. सरासरी ०.०१. अंधुक नजरेची भरपाई म्हणून तिला ०.०१ ने भागले, की बरोबर १. आता समजा, ‘छापा’ म्हटल्यावर तो क्वचित नाणे उलटवतो. ‘काटा’ म्हटल्यावर कधीच नाही. शेवटी काटा दिसला तेवढेच प्रयोग निवडा. त्या सगळ्यांत तो ‘छापा’च म्हणालेला असणार. सरासरी १, भागिले ०.०१, म्हणजे १००! यात क्वांटम काहीच नाही.

मेख मात्र त्या उलटवण्यात आहे. त्याच वर्षी मॅथ्यू प्यूसी यांनी सिद्ध केले, की धक्का क्वांटम सिद्धांत सांगतो तितकाच किरकोळ असेल, तर बाहेरून एकसारख्या वागणाऱ्या प्रक्रिया आतूनही एकसारख्या मानणारे कोणतेही चित्र असे उत्तर देऊ शकत नाही.

मग संख्याशास्त्र नेमके कुठवर पुरते? एका वेगळ्या प्रश्नावरचे, पण याच धाटणीचे, मला सर्वांत आवडणारे उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांचे. ओबेरसों आणि माहू या फ्रेंच सहकाऱ्यांसह त्यांनी ते २००२ मध्ये दिले. दोन कण घ्या. प्रत्येकाचे स्थान किंवा संवेग मोजा. जोड्या चार होतात. कोणत्याही तीन जोड्यांच्या क्वांटम संभाव्यता एकाच साध्या, कुठेही ऋण नसलेल्या वाटपातून निघतात. चारही एकदम मागितल्या, तर काही अवस्थांसाठी ते अशक्य. विग्नर यांचे १९३२ चे फलन चारही देते, पण त्यासाठी त्याला जागोजागी शून्याखाली जावे लागते; आणि उणे तीन वेळा छापा पडल्याचे सांगणारा मित्र मला अजून भेटलेला नाही.