नळीतला एक तास

मेंदूतील धमनी केशवाहिन्यांची पायरी गाळून थेट नीलेत उघडली, की धरणाचे पाणी चारी-पोटचारीत न फिरविता एकदम वाफ्यात सोडल्यासारखी अवस्था होते. नीलेची पातळ भिंत तो दाब किती वर्षे सोशील, याची हमी कोणी घेत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूतील असा गुंता, ज्याला डॉक्टर एव्हीएम म्हणतात, गतवर्षी फुटला.

शस्त्रक्रियेनंतर मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत असे, आणि तेथील वयस्क तंत्रज्ञबाई मला हुसकावून लावीत नसत. शरीरातील दाहाची खूण असलेल्या सीआरपीचा आकडा यंत्र काही मिनिटांत छापून देई. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळलेले हे प्रथिन यकृत इंटरल्यूकिन-६ च्या हुकुमाबरहुकूम तयार करते. माझे मन मात्र गुंतले ते ईएसआरच्या, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजण्याच्या, उभ्या नळीत. चार भाग रक्तात एक भाग सायट्रेट मिसळून २०० मिलिमीटर खुणांची ती काचेची नळी एकदा उभी केली, की तासभर तिला हात लावावयाचा नाही, असा तेथला शिरस्ता. एरवी परस्परांना दूर लोटणाऱ्या तांबड्या पेशी, दाहामुळे रक्तातील फायब्रिनोजेन वाढले म्हणजे, नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना बिलगतात, जड होऊन भराभर खाली बसतात, आणि वर पिवळसर निवळ उरते. कपाळावरचा चष्मा खाली ओढून बाई ती निवळ मोजीत व आकडा नोंदवहीत चढवीत.

शस्त्रक्रियेनंतर सीआरपी दोन-तीन दिवस चढून मग उतरतो, हे स्वाभाविकच. परंतु आठव्या दिवशी उतरलेला आकडा पुन्हा चढला, तेव्हा जखमच चिघळली असे मानून मी खचलो. पुढे लघवीत जंतू निघाले आणि मेंदू निर्दोष सुटला. रक्त फिर्याद नोंदविते, ठिकाण सांगत नाही, हे मला उशिरा उमगले.

दाहाच्या खुणांवरून सुधारणेचे भाकीत करता येईल काय, याचा शोध संशोधक घेत आहेत. तूर्त सुधारणेचे दप्तर निराळेच आहे: शून्य ते सहा अशी रँकिन श्रेणी, ज्यात शून्य म्हणजे तक्रार नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. माणूस आधाराविना चालतो काय, आपला व्यवहार आपण पाहतो काय, इतकेच डॉक्टर विचारतात. दाहाचे दोन्ही आकडे महिन्याभरात पूर्ववत झाले, तेव्हा भावाची श्रेणी चारवरच होती. सहा महिन्यांनी ती तीनवर आली. तो काठीशिवाय अंगणापर्यंत जातो, पण सदऱ्याची गुंडी उजव्या हाताने त्याला अद्याप लावता येत नाही.