संदर्भोल्लेखांची मोजदाद आणि संशोधनाची दिशा

‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ हे नियतकालिक १९०६ साली सुरू झाले. आरंभी त्यात राज्यघटना व शासनसंस्था यांच्या विवेचनाला प्राधान्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्तनवादाने मतदार-सर्वेक्षणांना व संख्याशास्त्राला अग्रस्थान दिले. २००० साली ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने प्रसृत झालेल्या पत्राने या एकसुरीपणाविरुद्ध तक्रार मांडली. २००३ मध्ये त्याच संघटनेचे ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स’ निघाले.

नियतकालिकाचा रूढ प्रभावांक मात्र मागील दोन वर्षांतील लेखांना एका वर्षात मिळालेल्या संदर्भोल्लेखांची सरासरी तेवढी सांगतो. राज्यशास्त्रातील (आणि आपल्या समीक्षेतीलही) लेखाला वाचक अनेकदा दशकभराने भेटतो. शिवाय खंडनासाठी केलेला उल्लेखही तेथे जमेलाच धरला जातो.